उड्डाणाआधी विमानात बिघाड निघाला तर : टेक लॉगपासून पुशबॅकपर्यंत

एअरलाइनचे प्रत्येक विमान सगळी यंत्रे ठणठणीत असतानाच निघते, असा बहुतेक प्रवाशांचा समज असतो. तसे नसते. जेट विमानात महत्त्वाची यंत्रे दोन-दोन, तीन-तीन असतात. त्यातले एखादे बंद असले तरी ठरावीक अटींवर आणि ठरावीक दिवसांपुरते विमान न्यायला नियमाने मुभा असते. ही मुभा ज्या दस्तऐवजात असते तो म्हणजे मिनिमम इक्विपमेंट लिस्ट, एमईएल. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी नियामकाने मंजूर केलेली एक मूळ यादी असते आणि तिच्यावरून प्रत्येक एअरलाइन स्वतःची एमईएल तयार करते. कंपनीची यादी मूळ यादीपेक्षा कडक असू शकते, सैल कधीच नसते.

हे लेखन नव्याने लाइनवर आलेले फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक), डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाणाची योजना करणारे) आणि लाइन मेंटेनन्समधले नवे इंजिनिअर यांच्यासाठी आहे. शेवटचा शब्द तुमच्या कंपनीच्या एमईएलचा आणि मॅन्युअलचा. त्या पानापर्यंत कसे जायचे, तिथे काय वाचायचे आणि ते वाचूनही चूक कुठे होते, ते इथे पाहू.

पहिली पाच मिनिटे

कॉकपिटमध्ये संदेश आला की हात आपोआप रिसेटकडे जातो. तो आवरा. आधी लिहून घ्या: संदेशाचे नेमके शब्द, वेळ, त्या क्षणी विमानाला वीज कुठून मिळत होती (ग्राउंड पॉवर, म्हणजे बाहेरून जोडलेली वीज, की एपीयू, म्हणजे विमानातलेच छोटे सहायक इंजिन), नुकताच कोणता स्विच हलवला होता, आणि सोबत आणखी कोणता संदेश येऊन गेला का. कंपनीची परवानगी असेल तर स्क्रीनचा फोटो काढा. रिसेट केल्यावर यातले बरेच पुसले जाते आणि इंजिनिअर येतो तेव्हा त्याच्या हाती धागा उरत नाही.

ग्राउंडवरचे कितीतरी संदेश खोटे असतात, हेही खरे. ग्राउंड पॉवरवरून एपीयूवर जाताना वीज क्षणभर खंडित होते, एखादा कॉम्प्युटर अर्धवट सुरू होतो आणि दोष दाखवत बसतो. अशा वेळी रिसेट योग्यच आहे, पण तो मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने: कोणता स्विच किंवा ब्रेकर, किती सेकंद बंद ठेवायचा, पुन्हा चालू केल्यावर किती थांबायचे. ज्या यंत्राचे नाव रिसेटच्या तक्त्यात नाही त्याला हात लावायचा नाही. इंधन पंपाचा ब्रेकर उडाला असेल तर तो परत दाबणे हे कॉकपिट क्रूचे काम नव्हेच. ब्रेकर उडतो तो वायरिंगला जपण्यासाठी, आणि ती वायरिंग इंधनाच्या टाकीजवळून जाते.

रिसेटने संदेश गेला तरी टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाड-दुरुस्तीच्या नोंदवहीत, लिहा. तोच संदेश तीन फ्लाइटवर तीन वेगवेगळ्या क्रूंनी गुपचूप घालवला, तर चौथ्या क्रूला तो 'पहिल्यांदाच' आलेला वाटतो.

इंजिनिअरला बोलावतानाच दोन कामे करा. ऑपरेशन्स कंट्रोलला कळवा, कारण स्पेअर पार्ट कुठे आहे, दुसरे विमान मिळेल का आणि क्रूची ड्यूटी किती उरली आहे हे त्यांना शोधायला वेळ लागतो. दुसरे म्हणजे इंधन भरणे थांबवा. हे हमखास राहून जाते. बिघाडामुळे उंची कमी करावी लागली तर इंधन जास्त लागेल, टेकऑफचे वजन घटवावे लागले तर कमी चालेल. जास्त भरलेले इंधन परत काढणे हे वेळखाऊ काम आहे आणि मग बिघाडापेक्षा त्याचाच उशीर मोठा होतो.

इंजिनिअर चाकांच्या खोबणीत किंवा फ्लॅपजवळ (टेकऑफला जादा उचल देणारे पंखांचे हलते भाग) काम करत असेल तर हायड्रॉलिक पंप, फ्लॅपचा दांडा, स्पीडब्रेक, रडार यांना त्याच्या होकाराशिवाय हात लावू नका. बोलणे इंटरफोनवर करा, अंगठ्याच्या खुणेवर विसंबू नका.

लॉगमध्ये काय लिहायचे

'पॅक 2 खराब' ही नोंद निरुपयोगी आहे (पॅक म्हणजे केबिनला थंड हवा पुरवणारे यंत्र, आणि त्याला इंजिनातून किंवा एपीयूतून मिळणारी दाबाची हवा म्हणजे ब्लीड). लॉग इंग्रजीत लिहिला जातो, पण आशय असा हवा: 'ग्राउंडवर, एपीयू ब्लीडवर, पॅक 2 चालू करताच दोषाचा दिवा लागला. पॅक बंद केल्यावर विझला. मॅन्युअलप्रमाणे एकदा रिसेट केला, दिवा पुन्हा लागला. पॅक 1 व्यवस्थित.' या चार वाक्यांवरून व्हॉल्व्ह पाहायचा की सेन्सर की कंट्रोलर, हे इंजिनिअरला विमानात पाय ठेवण्याआधीच सुचू लागते. निदान लिहू नका, लक्षण लिहा. 'व्हॉल्व्ह अडकला आहे' असे क्रूने लिहिले की सगळे त्या व्हॉल्व्हच्याच मागे लागतात.

आणि 'परत आल्यावर लिहू' हे कधीच नाही. लॉगमध्ये नोंद झाली की तो बिघाड दुरुस्त तरी व्हायला हवा किंवा एमईएलप्रमाणे डिफर (अटी व मुदत घालून दुरुस्ती पुढे ढकलणे) तरी. त्याशिवाय विमान निघू शकत नाही. याच कारणाने नोंद टाळण्याचा मोह होतो आणि याच कारणाने ती टाळायची नाही.

एमईएलचे पान वाचताना

प्रकरणांचे क्रमांक बहुतेक सर्व विमानांत सारखेच असतात: 21 वातानुकूलन, 24 वीज, 27 फ्लाइट कंट्रोल, 28 इंधन, 29 हायड्रॉलिक, 30 बर्फ आणि पाऊस, 32 लँडिंग गिअर, 34 नेव्हिगेशन, 36 न्यूमॅटिक, 49 एपीयू, 52 दरवाजे, 78 इंजिनाचा एग्झॉस्ट व रिव्हर्सर. इथे एक फसगत होते. स्क्रीनवरचा संदेश आणि एमईएलमधली नोंद एकच नसतात. 'ब्लीड फॉल्ट' असा संदेश व्हॉल्व्हमुळे येऊ शकतो, सेन्सरमुळे येऊ शकतो, कॉम्प्युटरमुळेही येऊ शकतो, आणि तिन्हींच्या नोंदी निराळ्या, अटी निराळ्या. काही एमईएलमध्ये संदेशावरून नोंदीकडे नेणारी यादी असते, ती वापरा. तरीही कोणती नोंद लागू पडते हे इंजिनिअरने दोष शोधल्यावरच पक्के होते.

नोंदीत त्या यंत्राची बसवलेली संख्या, निघताना चालू हवीत ती संख्या, दुरुस्तीची श्रेणी आणि अटी दिलेल्या असतात. श्रेणी बी म्हणजे 3 दिवस, सी म्हणजे 10, डी म्हणजे 120. ए श्रेणीची मुदत त्या नोंदीतच लिहिलेली असते, ती दिवसांत असेल किंवा फ्लाइटच्या संख्येत. बी, सी, डी मध्ये बिघाड सापडला तो दिवस धरत नाहीत. 5 मार्चला सकाळी दहा वाजता बी श्रेणीचा बिघाड नोंदवला तर मुदत 8 मार्चचा दिवस संपताना, मध्यरात्री संपते. ही मध्यरात्र यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) की स्थानिक, ते कंपनीच्या नियमात पाहा. रात्रीच्या फ्लाइटला याच तपशिलावर विमान अडकते. मुदतवाढीची वेगळी प्रक्रिया असते आणि ती नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडूनच होते. लाइनवरच्या कुणी ती परस्पर द्यायची नाही.

अटींपुढे 'एम' अक्षर असेल तर इंजिनिअरला काही करायचे आहे: व्हॉल्व्ह विशिष्ट स्थितीत लॉक करणे, ब्रेकर ओढून त्याला कॉलर लावणे, एखादी तपासणी. 'ओ' असेल तर क्रू किंवा डिस्पॅचला काही करायचे आहे: वेगळी पद्धत, वेगळी उंची, वेगळे परफॉर्मन्सचे आकडे. 'एम'ची सही दिसेपर्यंत बिघाड डिफर झाला असे धरू नका, आणि 'ओ'ची पद्धत निघण्याआधी दोघा वैमानिकांनी मिळून वाचा. चढताना वाचायची ती गोष्ट नव्हे. शेवटी प्लॅकार्ड: बंद यंत्राच्या स्विचजवळ 'इनऑप'चा स्टिकर. थकलेला हात सवयीने त्या स्विचकडे जातो तेव्हा त्याला थांबवायला तोच असतो.

एखादी गोष्ट यादीतच नसेल तर? विमानाच्या उड्डाणयोग्यतेशी तिचा संबंध असेल तर ती चालू असलीच पाहिजे. पंख, रडर, इंजिन यादीत सापडत नाहीत ते म्हणूनच. कॉफी मेकर किंवा वाचायच्या दिव्यासारख्या प्रवाशांच्या सोयीच्या वस्तूंची व्यवस्था वेगळी असते. पण कोणती वस्तू सोयीची, हे मनाने ठरवू नका. टॉयलेटच्या दाराजवळचा ॲशट्रे जुनाट, निरर्थक वाटतो, कारण विमानात सिगारेटला बंदी आहे. तरीही तो आवश्यक उपकरणांत मोडतो. बंदी मोडून कुणी सिगारेट पेटवलीच, तर थोटूक कागदांनी भरलेल्या कचरापेटीत जाऊ नये, यासाठी तो आहे.

एखादे पॅनेल किंवा फेअरिंगचा (बाहेरच्या आवरणाचा) तुकडाच गायब असेल तर एमईएल बंद करा आणि कॉन्फिगरेशन डेव्हिएशन लिस्ट, म्हणजे सीडीएल उघडा. निखळलेल्या भागांची परवानगी तिथे असते, सोबत टेकऑफच्या वजनातली घट आणि इंधनाचा वाढीव खर्चही.

नेहमीचे काही बिघाड

एपीयू बंद असणे सर्वांत नेहमीचे. ते किरकोळ समजले जाते आणि म्हणूनच त्यात घोळ होतात. निघताना ग्राउंड पॉवर आणि एअर स्टार्ट युनिट दोन्ही लागतात. एक इंजिन स्टँडवरच त्या युनिटच्या हवेवर सुरू करायचे, मग ते युनिट व ग्राउंड पॉवर काढून पुशबॅक (विमान स्टँडवरून मागे ढकलणे), आणि दुसरे इंजिन पहिल्याच्या ब्लीडवर, म्हणजे क्रॉसब्लीड स्टार्टने. त्यासाठी चालू इंजिनाचा जोर आयडलच्या (किमान जोराच्या) वर न्यावा लागतो, त्यामुळे मागची जागा मोकळी आहे याची खात्री आणि कंट्रोल टॉवरची परवानगी दोन्ही हव्यात. स्टँडवर चालू इंजिनाच्या बाजूला सामानाच्या गाड्या, माणसे नकोत. तोवर केबिनला थंड हवा मिळत नाही, म्हणून उन्हाळ्यात बाहेरची एअर कंडिशनिंगची गाडी मागवा किंवा बोर्डिंग उशिरा सुरू करा. पोहोचण्याच्या विमानतळावर ही उपकरणे आहेत का, आणि चालू आहेत का, हे डिस्पॅचने निघण्याआधी फोन करून विचारायचे. उतरल्यावर ग्राउंड पॉवर जोडली जाईपर्यंत एक इंजिन चालू ठेवावे लागते, तेव्हा तिथल्या ग्राउंड स्टाफला आधीच सांगा, नाहीतर ते नेहमीप्रमाणे चालू इंजिनाकडे धावतील. समुद्रावरच्या लांब मार्गांवर तर एपीयूची अट आणखी कडक असू शकते, ती त्या मार्गाच्या नियमात पाहा.

एक पॅक बंद असेल तर उंचीवर मर्यादा येते. काही विमानांत ती 25,000 फूट असते, काहींत 31,500. खाली उडायचे म्हणजे इंधन जास्त आणि वरून टाळता आले असते ते ढग समोर. जुना फ्लाइट प्लॅन रद्द करून नवा करायचा. जुन्याच प्लॅनमध्ये थोडे जास्त इंधन टाकून भागत नाही, कारण त्या उंचीवरचा वारा निराळा असतो.

इंजिनाच्या अँटी-आईस व्हॉल्व्हचा बिघाड दोन प्रकारे डिफर होतो आणि दोन्हींचे परिणाम उलट आहेत. व्हॉल्व्ह बंद स्थितीत लॉक केला तर बर्फ जमेल अशा हवेत जायचे नाही, म्हणजे मार्गावरचे आणि पर्यायी विमानतळावरचेही हवामान तपासायचे. उघड्या स्थितीत लॉक केला तर बर्फाची चिंता नाही, पण गरम हवा सतत काढली जाते, म्हणून टेकऑफची गणिते अँटी-आईस चालू धरून करायची, बाहेर कितीही ऊन असले तरी. लॉगमध्ये नुसते 'व्हॉल्व्ह लॉक केला' असे लिहिलेले दिसले तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रिव्हर्सर (इंजिनाचा झोत पुढे वळवून विमानाचा वेग कमी करणारा भाग) लॉक केलेला असेल तर कोरड्या धावपट्टीवर फारसे बिघडत नाही, कारण प्रमाणित अंतरे मोजताना त्याची मदत धरलेलीच नसते. ओल्या किंवा चिखल-बर्फाच्या धावपट्टीवर मात्र टेकऑफ सोडून देण्याच्या गणितात ती धरलेली असू शकते. तेव्हा वजन घटते. निघताना कोरडे आणि पोहोचताना पाऊस, ही शक्यता आधीच हिशेबात घ्या.

दरवाजाची इमर्जन्सी स्लाइड निकामी असेल तर तो दरवाजाच निकामी धरतात. आसपासच्या ठरवून दिलेल्या रांगा रिकाम्या ठेवायच्या, प्रवासीसंख्या कमी करायची, दारावरच्या बाहेर जाण्याच्या खुणा झाकायच्या आणि केबिन क्रूने प्रवाशांना दुसरा दरवाजा दाखवायचा. हे काउंटरवरच्या लोकांना वेळेत कळले नाही तर भरलेल्या विमानातून माणसे उतरवावी लागतात.

दोन नोंदी एकत्र आल्या की आणखी सावध व्हा. दोन इंजिनांच्या अनेक विमानांत एका इंजिनाचा जनरेटर बंद चालतो, पण त्याची अट असते की एपीयूचा जनरेटर संपूर्ण प्रवासभर चालवायचा. एपीयू बंद असतानाही विमान चालते. दोन्ही एकाच दिवशी? नाही. काल डिफर केलेला बिघाड आजच्या बिघाडाची अट मोडतो का, हे शोधणे माणसाचेच काम. म्हणून नवी नोंद करण्याआधी डिफर केलेल्या जुन्या बिघाडांची पाने पूर्ण वाचा.

दिवा विझतो, बिघाड राहतो

20 ऑगस्ट 2008 रोजी माद्रिदमध्ये स्पॅनएअरचे एमडी-82 विमान टेकऑफला निघाले असता हवेचे तापमान मोजणाऱ्या प्रोबचा हीटर ग्राउंडवरच तापत असल्याचे दिसले. विमान परत आले. बर्फाची शक्यता नसेल तर तो हीटर बंद ठेवून जायला एमईएलची मुभा होती, म्हणून त्याचा ब्रेकर ओढला आणि विमान सोडले. पण हा हीटर हवेत गेल्यावरच चालू व्हायचा असतो. तो जमिनीवर तापतो, म्हणजे विमानाचा काही भाग स्वतःला हवेत समजतो आहे. आणि ज्या रिलेवरून (विजेवर चालणाऱ्या स्विचवरून) हीटरला हे कळते, त्याच रिलेवर फ्लॅप न लावता टेकऑफ केल्यास वाजणारी चेतावणीही अवलंबून होती. दुसऱ्या खेपेला घाईत फ्लॅप लावायचे राहिले, चेतावणी वाजली नाही, आणि 172 पैकी 154 जणांचा जीव गेला. चेतावणी का वाजली नाही हे तपासात निःसंशय सिद्ध झाले नाही. तरीही प्रत्येक डिफरलआधी विचारायचा प्रश्न यातून मिळतो: हे यंत्र बिघडले आहे, की दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून चुकीचे वागते आहे?

दुसरे उदाहरण 23 जुलै 1983चे, एअर कॅनडाच्या 143 क्रमांकाच्या फ्लाइटचे. बोईंग 767च्या इंधन मोजणाऱ्या यंत्रणेचा एक चॅनल बिघडला होता. त्याचा ब्रेकर ओढून ठेवला की दुसऱ्या चॅनलवर काटे चालत. पुढच्या स्टेशनवर चाचणीसाठी कुणी तो ब्रेकर परत दाबला, काटे गेले, आणि मध्येच लक्ष दुसरीकडे गेल्याने ब्रेकर तसाच राहिला. काटे कोरे असताना निघायला एमईएलची परवानगी नव्हती, तरी परवानगी आहे असा समज झाला. मग टाकीतले इंधन मोजपट्टीने मोजले: 7,682 लिटर. हवे होते 22,300 किलो. लिटरला 1.77ने गुणले गेले. पण 1.77 हा पौंडांचा आकडा, किलोचा साधारण 0.8. त्यामुळे टाकीत 13,597 किलो आहेत असे वाटले, प्रत्यक्षात होते सुमारे 6,170. भरायला हवे होते वीस हजारांहून अधिक लिटर, भरले पाच हजारांच्या आत. 41,000 फुटांवर उडत असताना इंधन संपत आले, इंजिने एकामागून एक बंद पडली आणि वैमानिकांनी ग्लाइड करत गिम्लीच्या जुन्या हवाई तळावर विमान उतरवले. सगळे वाचले. पट्टीने इंधन मोजायची वेळ आली तर एकक मोठ्याने बोला, गणित दोघांनी वेगवेगळे करा, आणि बाउझरवरून (इंधनाच्या गाडीवरून) भरलेले लिटर अपेक्षेशी जुळतात का ते तिसऱ्यांदा पाहा.

विमान परत हातात घेताना

इंजिनिअरची सही झाली, लॉगमध्ये रिलीज मिळाले. आता संपूर्ण ओव्हरहेड पॅनेल पहिल्यापासून तपासा, फक्त दुरुस्त झालेला भाग नव्हे. 14 ऑगस्ट 2005 रोजी हेलिऑसच्या 737 विमानात रात्रीच्या तपासणीनंतर प्रेशरायझेशनचा, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब राखणाऱ्या यंत्रणेचा, निवडीचा स्विच 'मॅन्युअल' (हाताने चालवण्याच्या) स्थितीत राहिला आणि सकाळच्या क्रूच्या नजरेतून सुटला. विमानातले सर्व 121 जण गेले.

बाहेर गिअर पिन (जमिनीवर चाके मिटू नयेत म्हणून लावलेल्या) आणि प्रोबची कव्हरे मोजून परत आली का पाहा. लाल फीत दिसत नाही, एवढ्यावर थांबू नका. उघडलेले प्रत्येक पॅनेल बंद असल्याचे हाताने दाबून पाहा. मग चेकलिस्ट पहिल्या ओळीपासून. 'इथपर्यंत झाले होते' असे म्हणून मधून सुरू केलेली चेकलिस्ट घात करते. टेकऑफचे आकडे नव्याने काढा, ब्रीफिंगमध्ये डिफर केलेल्या बिघाडासह इंजिन गेले तर काय, हे बोला.

एवढे सगळे झाल्यावरही कॅप्टन नाही म्हणू शकतो. एमईएल किमान मर्यादा सांगते. रडारशिवाय दिवसा, निरभ्र आकाशात जाणे आणि वादळी रात्री जाणे यात फरक आहे, आणि तो कॅप्टनने करायचा आहे. डिस्पॅचरने इथे उशिराचा दबाव न आणता पर्याय पुढे ठेवावेत: दुसरे विमान, दुसरा मार्ग, उशिराची वेळ.

पुशबॅकनंतर बिघाड आला तर थांबा, पार्किंग ब्रेक लावा, आधी अबनॉर्मल चेकलिस्ट पूर्ण करा आणि मगच एमईएल उघडा. नोंदीत 'एम' असेल तर विमान स्टँडवर परत न्या. फक्त 'ओ' असेल तर कंपनीच्या नियमाप्रमाणे इंजिनिअर आणि डिस्पॅचशी बोलून पुढे जाता येते, पण परफॉर्मन्सचे गणित टॅक्सी करता करता नको.

प्रवाशांना बिघाड साध्या शब्दांत सांगा आणि पुढची माहिती किती वाजता देणार ते सांगा. त्या वेळी नवीन काही नसले तरी माइक घ्या.

पोहोचल्यावर लॉग पुन्हा उघडा. डिफर केलेले यंत्र प्रवासात कसे वागले, दुसऱ्या चॅनलने किंवा उरलेल्या पॅकने काही कुरबुर केली का, हे लिहा. पुढचा क्रू विमानाशी येईल तेव्हा दोन मिनिटे थांबून मुदत कधी संपते, 'ओ'ची पद्धत कोणती आणि ग्राउंडवर कोणती उपकरणे मागवावी लागली, हे तोंडी सांगा.